पुढच्या बाजूचा करडा पट्टा

पीएसए (प्रोस्टेट कॅन्सरचा संशय दाखवणारा रक्ततपासणीचा आकडा) ६ वरून १४ वर गेलेला आणि सुईने तुकडे काढून तपासलेल्या दोन बायॉप्सींत काहीच न सापडलेला पेशंट एमआरआयला आला, की मी आधी प्रोस्टेटचा पुढचा भाग बघते. गुदाशयातून घातलेली सुई मागच्या भागात नीट जाते, पुढे फारशी पोचत नाही. पण या वेळी पीएसए-बायॉप्सीचं हे सगळं मला पेशंटकडूनच कळलं. पाठवणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसतं ‘एमआरआय प्रोस्टेट’. नेहमीचंच.

पहिलं डिफ्युजन, म्हणजे पेशींभोवतीच्या पाण्याची हालचाल टिपणारं एमआरआयचं चित्र, गुदाशयातल्या गॅसमुळे इतकं वाकडंतिकडं आलं की ग्रंथीची मागची कडच सापडेना. आमच्या टेक्निशियनने मला न विचारता पेशंटला टेबलावरून उतरवलं, बाथरूमला पाठवलं आणि सिक्वेन्स पुन्हा घेतला. बाहेर रांगेत कुरकुर झाली, होऊ दे.

टी-टूवर, म्हणजे रचना दाखवणाऱ्या एमआरआय चित्रांवर, वाढलेल्या प्रोस्टेटच्या नेहमीच्या गोलसर गाठी होत्या, प्रत्येकीला पेन्सिलीने काढल्यासारखी कड. त्यांच्या पुढे, मध्यरेषेच्या डावीकडे, भिंगासारखा करडा पट्टा. कड अजिबात नाही, कोळशाची रेघ बोटाने पुसल्यासारखा. फसगत होते ती इथेच, कारण तिथला नॉर्मल स्नायूही काळाच दिसतो. पण तो दोन्हीकडे सारखा असतो आणि हाय बी-व्हॅल्यूवर, म्हणजे डिफ्युजनच्या जास्त तीव्र चित्रांवर, चमकत नाही. हा एकाच बाजूला फुगलेला, चमकणारा, डिफ्युजनवरून काढलेल्या एडीसी नकाशावर काळाकुट्ट. १८ मिलिमीटर. पाय-रॅड्स ५, म्हणजे कॅन्सरच्या संशयाच्या १ ते ५ मोजपट्टीवर सगळ्यात वरचा.

मग जुना स्कॅन उघडला. दोन वर्षांपूर्वीचा, पहिल्या बायॉप्सीनंतरचा. रिपोर्ट माझाच: पाय-रॅड्स २.

पट्टा तिथेच होता. लहान, डिफ्युजनवर जेमतेम उजळ, पण होता. मी त्याला स्नायू समजून सोडून दिलं होतं.

“आता माहीत आहे म्हणून दिसतंय,” सहकारी म्हणाला. मला ते पटेना. काही न सांगता तोच जुना स्कॅन एका ज्युनियरला दिला. तो पट्ट्यावरून सरळ पुढे गेला. दुसरीला एवढंच सांगितलं, की पीएसए चढतोय, बायॉप्सी निगेटिव्ह आहे. ती नेमकी तिथे थांबली, झूम केलं.

जुनी चिठ्ठी काढून पाहिली. तिच्यावरही पीएसए नव्हता, आणि त्या दिवशी मी पेशंटला विचारलंही नव्हतं.

नेम धरून घेतलेल्या बायॉप्सीत कॅन्सर निघाला, ग्लीसन ग्रेड ४+३. नंतर पेशंट फाईल न्यायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, “मागच्या वेळी नव्हतं ना हे?”

“होतं,” मी म्हटलं. “मला ओळखता आलं नाही.”

त्यांनी फाईल बंद केली, परत उघडली आणि जुनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले.