डॅशबोर्डवरची चवथ

"मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरात पंचांग घालायला विसरले काय हो?"

गोव्यातल्या वेर्ण्याच्या प्लांटमधले शिफ्ट सुपरवायझर आज माझ्या स्क्रीनकडे बघून हसत होते. पॅकिंग लाइनवरची अर्धी नावं लाल. सिस्टमचं म्हणणं, २०२५ च्या ऑगस्टमध्ये गैरहजेरी एकदम वाढली, म्हणजे ही माणसं नोकरी सोडण्याच्या बेतात आहेत.

कुठली सोडतायत! २०२४ ची चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, ७ सप्टेंबरला होती, २०२५ ची २७ ऑगस्टला. सॉफ्टवेअर आपलं ऑगस्टची तुलना ऑगस्टशी करत बसलंय. गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायला सत्तरी तालुक्यातल्या गावी गेलेला माणूस त्याच्या लेखी ‘हाय रिस्क’.

सणांच्या तारखांचा कॉलम जोडला की बरीच नावं लाल यादीतून उतरतील. ते करीन मी. पण हाच रिपोर्ट पगारवाढीच्या मीटिंगमध्ये उघडतात, तिथे सुपरवायझरना कोण बोलावतं?