उभ्या गाडीत गरम, चालत्या गाडीत गार: जुन्या गाडीच्या एसीचा माझा अनुभव

एसी कमी पडतो म्हटलं की तालुक्याच्या गावी उत्तर ठरलेलं: गॅस टाकून घ्या. माझ्या २००९च्या पेट्रोल गाडीत सलग दोन उन्हाळे असा गॅस टाकून झाला होता, काट्यावर न मोजता. एप्रिलभर बरं वाटायचं. मे लागला, पारा ४३च्या वर गेला की पुन्हा तेच. यंदा नवतपाच्या (मे अखेरच्या नऊ कडक दिवसांच्या) आधी ठरवलं, आधी मोजायचं आणि मगच खोलायचं.

मोजायला फार काही लागत नाही. वायरच्या टोकाला सेन्सर असलेला साधा डिजिटल थर्मामीटर मधल्या जाळीत खोचायचा, काचा बंद, हवा आतल्या आत फिरवणारं बटण चालू, ब्लोअर दोनवर. बाहेर ४३ अंश असताना उभ्या गाडीत जाळीतून २२ अंशांची हवा येत होती. गाडी साठच्या वेगाने पंधरा मिनिटं चालवली तर तीच १५वर आली.

या फरकातच अर्धं निदान आहे. आतली उष्णता बाहेर टाकतो तो कंडेन्सर, रेडिएटरच्या पुढे बसलेला. गाडी पळते तेव्हा त्याला आपोआप वारा मिळतो. उभी असली की सगळी मदार पंख्यावर. गॅस फार कमी असता तर पळत्या गाडीतही एसी लंगडाच राहिला असता. सुरुवातीला गार, मग वाराच मंदावतो आणि एसी दहा मिनिटं बंद ठेवला की पुन्हा सुटतो, असं असेल तर कूलिंग कॉइलवर (डॅशबोर्डमागे हवा गार करणारी जाळी) बर्फ धरतोय. तिथे थर्मिस्टर (तिचं तापमान मोजणारा सेन्सर) आणि केबिन फिल्टर बघायचा. (जुन्या छोट्या गाड्यांत बरेचदा फिल्टर नसतोच, मग धूळ थेट कॉइलवर बसते.)

खात्रीसाठी इंजिन चालू ठेवून ग्रिलमधून कंडेन्सरवर हळूहळू बादलीभर पाणी सोडलं. दोन मिनिटांत २२चे १६ झाले. म्हणजे कॉम्प्रेसर ढकलतोय, व्हॉल्व्ह उघडतोय, अडलंय ते उष्णता बाहेर जाण्यात. गेज लावल्यावर तेच दिसलं: उभ्या गाडीत लो साइड (कॉम्प्रेसरकडे परतणारा गॅस) ५५ आणि हाय साइड (कॉम्प्रेसरमधून निघणारा) ३५० पीएसआय (हा फौजदार नव्हे, दाबाचं माप). आर-१३४ए गॅसच्या गाडीत इतक्या उन्हात हाय साइड २६० ते २९०च्या आसपास असली की ठीक.

समोरून कंडेन्सर स्वच्छ दिसत होता. इथेच बहुतेक जण फसतात. कचरा बसतो तो कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत. इंजिन थंड असताना रेडिएटरच्या वरच्या दोन पट्ट्या सोडवल्या आणि पाणी न काढता तो दोन-अडीच इंच मागे कलता केला. आत गोधडीतल्या जुन्या कापसासारखा सलग थर निघाला: जिनिंगच्या रस्त्यावरचे कापसाचे तंतू, सोयाबीनचं कुटार, पतंगांचे पंख, आणि सगळ्याला धरून ठेवणारी काळ्या मातीची धूळ. बोटांनी उचलला तर पट्टीच्या पट्टी हातात आली.

हे धुवायला वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा जवळून मारू नका, अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या लोळतात आणि वाट कायमची बंद होते. शेतातला बॅटरीचा फवारणी पंप यासाठी उत्तम, मात्र तणनाशक-कीटकनाशकाचा पंप नको. त्या औषधाचा वास पुढे ग्रिलमधून गाडीत येतो. भांड्यांचा साबण पातळ करून फवारला, दहा मिनिटं थांबलो, मग इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला पाणी मारलं. घाण आली त्याच दिशेने परत ढकलायची. ब्रश पट्ट्यांच्या उभ्या दिशेतच फिरवायचा. वॉशिंग सोडा किंवा अॅसिड अजिबात नको, अॅल्युमिनियम खातं.

पंखा फिरत होता, पण जीव नसल्यासारखा. मोटर बदलायच्या आधी मल्टिमीटर लावला. बॅटरीवर १३.८ व्होल्ट, पंख्याच्या जोडणीवर फक्त ११.२. मग काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल पंख्याच्या अर्थ वायरवर ठेवून चालू स्थितीत मोजलं: २.४ व्होल्ट. तिथे ०.३च्या वर काही दिसायला नको. बॉडीला कसलेला अर्थचा नट गंजला होता. पॉलिश पेपरने घासून घट्ट केला, वर व्हॅसलिन लावलं. पंखा आता कंडेन्सरसमोर धरलेलं वर्तमानपत्राचं पान चिकटवून ठेवतो. पान उलट दूर उडालं तर मोटरच्या तारा उलट्या जोडल्यात असं समजा. मोटर बदलताना हे सर्रास होतं.

एवढ्यावर २२चे १७ झाले, हाय साइड ३१०. अजून जास्तच. आता संशय त्या अंदाजे टाकलेल्या गॅसवर. जिल्ह्याच्या ठिकाणी गॅस परत खेचणारं मशीन आहे तिथे तो काढून मोजला: ४९० ग्रॅम. बॉनेटखालच्या स्टिकरवर ४२० लिहिलेले. जास्तीचा गॅस द्रव होऊन कंडेन्सरच्या खालच्या नळ्यांत साचतो, तेवढी जागा उष्णता टाकायला उरत नाही. ‘जास्त गॅस म्हणजे जास्त गार’ हे म्हणूनच खोटं. आणि बंद गाडीच्या दाबावरून गॅस किती आहे ते कळत नाही: ३५ अंशांना तो सुमारे ११४ पीएसआयच दाखवणार, आत १५० ग्रॅम असो की ४५०.

पंचेचाळीस मिनिटं व्हॅक्यूम, मग पंप बंद करून वीस मिनिटं गेजचा काटा हलतो का ते पाहिलं. हलला नाही, म्हणजे मोठी गळती नाही. हलला असता तर जोडांवरचे तेलकट डाग शोधून ओ-रिंग बदलाव्या लागल्या असत्या, आणि सिस्टिम उघडलीच तर ओलावा शोषणारा ड्रायरही. सिलिंडर काट्यावर ठेवून ४२० ग्रॅम भरले. इंजिन चालू असताना सिलिंडर उभाच हवा. उलटा केला तर द्रव गॅस कॉम्प्रेसरमध्ये शिरून झडपा तोडतो. स्वस्तात पडतो म्हणून घरगुती सिलिंडरचा गॅस भरणारेही भेटतात. तो पेटतो, आणि कूलिंग कॉइल गळली तर थेट तुमच्या पायापाशी येतो. तिथून गाडी सरळ बाहेर काढावी.

लो ३८, हाय २७०. जाळीत उभ्या गाडीत १३, पळताना ९.

एक खोड राहिली. चाळीस मिनिटं चालल्यावर एसी एकदम बंद, गाडी थंड झाली की पुन्हा सुरू. अशा वेळी ‘कॉम्प्रेसर गेला’ असं ऐकायला मिळतं. बंद पडल्या क्षणी बॉनेट उघडलं तर पुली फिरतेय, तिच्या पुढची क्लच प्लेट उभी, आणि तिला ओढणाऱ्या मॅग्नेटच्या कॉइलला व्होल्ट पूर्ण मिळतोय. इंजिन बंद करून फीलर गेजने प्लेट आणि पुलीमधली फट मोजली: ०.९ मिलिमीटर. ०.३ ते ०.६ असावी. प्लेट झिजून फट वाढते. त्यात कॉइल तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, करंट घटतो आणि मॅग्नेटला तेवढ्या अंतरावरून प्लेट ओढता येत नाही. मधला बोल्ट काढला, प्लेट उतरवली, आतली एक पातळ शिम (चकती) कमी केली, फट ०.४वर आली. गॅसला हात लावावा लागला नाही. फार कमी करू नका, नाहीतर एसी बंद असतानाही प्लेट घासत राहते.

शेवटी डाव्या पायाखालचा पाणी निघायचा रबरी पाइप पाहिला. कुंभारीण माशीने त्यात मातीचं घर केलं होतं. पातळ तार आतून फिरवताच साचलेलं पाणी भसकन खाली आलं. रेडिएटर कलता करून फट धुणं आता वर्षातून दोनदा: सोयाबीनची मळणी आटोपल्यावर एकदा, आणि कापसाच्या गाड्या थांबल्या की दुसऱ्यांदा.