तुम्ही विचारलंत म्हणून: रस्ता नसलेल्या शहरातली माणसं

इकितोसला मी तीन वर्षं होते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "तिथे म्हणे रस्ताच जात नाही, मग माणसं राहतात कशी?" मागच्या महिन्यात चिपळूणला आत्यानेही तेच विचारलं. मी घाईत काहीतरी सांगून टाकलं आणि ते मलाच लागून राहिलं. म्हणून आता नीट सांगते.

पेरूच्या ईशान्येला, ॲमेझॉनच्या काठी, चार लाखांवर वस्तीचं हे शहर आहे. तिथून एकच डांबरी रस्ता निघतो आणि शंभरेक किलोमीटरवर नाउता गावाशी संपतो. बाकी कुठेही जायचं तर विमान, नाहीतर बोट. मासळीच्या अभ्यासासाठी मी पहिल्यांदा गेले ती पुकाल्पाहून बोटीनेच. डेकवर आपापली कापडी झोळी टांगायची आणि तिच्यातच दिवस काढायचे. खाली केळ्यांचे घड, कोंबड्या, सिमेंटच्या गोण्या. वाटेतल्या वस्त्यांना बोट लागत जाते. काठावरून कुणी हात केला तर तिथेही. आमच्या फाट्यावर एसटी थांबायची, अगदी तशी.

नदीची पातळी वर्षाकाठी दहा मीटरच्या आसपास चढते-उतरते. बेलेन या खालच्या वस्तीत घरं उंच खांबांवर आहेत, काही बाल्साच्या ओंडक्यांवर तरंगती. सप्टेंबरात ज्या मातीच्या वाटेने मी बाजारात जायचे, तीवरून एप्रिल-मेमध्ये होडी चालायची. पहिल्या वर्षी पाणी चढू लागलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. 22 जुलै 2021 ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात शिरलं होतं; त्या चिखलाचा वास अजून जात नाही. आणि इथे समोरची मासेवाली घरातल्या फळ्या काढून शांतपणे एक हात वर बसवत होती. 'क्रेसिएंते' म्हणजे चढतं पाणी, 'वासिआंते' म्हणजे उतरतं. आपण उन्हाळा-पावसाळा म्हणतो तसे हे तिथले ऋतू. त्रास नसतो असं नाही. सांडपाणी त्याच पाण्यात मिसळतं, पोरं आजारी पडतात. 2012 साली तर पाणी या सगळ्या हिशोबाच्याही वर गेलं होतं.

'दुर्गम' हा शब्द मात्र मला नकोसा झाला आहे. कुणापासून दुर्गम? 1880 ते 1912 या रबराच्या तेजीत इकितोसला लिव्हरपूलची जहाजं थेट लागत होती. पोर्तुगीज फरशांनी मढलेले वाडे आजही नदीकाठी उभे आहेत. त्या श्रीमंतीची किंमत पुतुमायो नदीवर उइतोतो आणि बोरा लोकांनी मोजली. हुलियो सेसार आराना या रबर व्यापाऱ्याच्या कंपनीने त्यांना गुलाम करून चीक गोळा करायला लावला. चीक कमी भरला की फटके, उपासमार, खून. रॉजर केसमेंट या ब्रिटिश वकिलातीतल्या अधिकाऱ्याने 1910 मध्ये तिथे जाऊन चौकशी केली, 1912 मध्ये अहवाल छापून आला. पण तेजी संपली ती दुसऱ्याच कारणाने. हेन्री विकहॅम या इंग्रजाने 1876 मध्ये ब्राझीलहून लंडनला नेलेल्या बियांपासून पुढे आशियात मळे उभे राहिले आणि तिथलं रबर स्वस्त पडू लागलं. आपल्या दोडामार्गच्या रबराच्या बागांचं मूळ याच खोऱ्यात आहे. तिथल्या चिकाच्या वाट्या बघितल्या की मला आता पुतुमायो आठवतं.

रस्ता नसल्याचा खरा जाच 2020 मध्ये झाला. ऑक्सिजनच्या टाक्यांसाठी लोक रात्रभर रांगेत उभे होते, हे शेजारीण सांगताना अजून थरथरायची. शेवटी फादर रेमुंडो पोर्तेली या डॉक्टर असलेल्या धर्मगुरूंनी लोकवर्गणीतून ऑक्सिजनचा प्लँट आणवला.

आता सणाचं सांगते, कारण तिथेच मला घर सापडलं. कार्निव्हलला गल्लीगल्लीत 'उमिशा' उभारतात: जंगलातून आणलेला ताडासारखा सोट, त्याला टांगलेल्या बादल्या, कपडे, खेळणी. जोडीजोडीने फेर धरत नाचायचं आणि येता-जाता कुऱ्हाडीचा एक घाव घालायचा. ज्याच्या घावाने झाड पडेल, पुढच्या वर्षीची उमिशा त्याच्याकडे. आमच्या वाडीत होळीचा माड वाजतगाजत येतो, त्याच सुमाराला! पहिल्या वर्षी मी तिथे उभी राहून रडले. 24 जूनला सान हुआनच्या सणाला 'ह्वाने' करतात, भात, कोंबडी आणि अंडं बिहाओच्या पानात बांधून उकडतात. पान सोडताना येणारी वाफ थेट पातोळ्यांची आठवण करून देते.

नाउतात कुकामा हे आदिवासी लोक राहतात. नदीत बुडालेली आपली माणसं मरत नाहीत, पाण्याखालच्या गावांत राहतात, असं ते मानतात. नदीत तेल सांडतं ते त्यांच्या लेखी आपल्याच माणसांच्या घरात सांडतं. कुकामा बायकांनी खटला लढवला आणि मार्च 2024 मध्ये नाउताच्या न्यायालयाने मारान्योन नदीला स्वतःचे हक्क असल्याचं मान्य केलं. त्यांच्यातल्या मारी लुस कानाकिरी यांना 2025 चा गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला.

निघायच्या आदल्या आठवड्यात तिथल्या एका आजीने मला विचारलं, "तुमच्या नदीखाली कोण राहतं?" मी तिला डोहातल्या साती आसरांचं सांगितलं, आत्या त्यांना नारळ देते तेही. आजीने मान हलवली. मग म्हणाली, "त्यांना विचारून घ्या, पाणी का चिडलं होतं."

आत्या, पुढच्या खेपेला आले की आपण दोघी डोहावर जाऊ.