६० एमएमची थ्रॉटल बॉडी आणि आत ओढला जाणारा पाइप

डायनोवर, म्हणजे इंजिनची ताकद मोजायच्या यंत्रावर, गाड्या चढवणं हे माझं रोजचंच काम, पण त्या दिवशीची गाडी अजून डोक्यातून जात नाही. दीड लिटरचं साधं पेट्रोल इंजिन, टर्बो वगैरे काही नाही. मालक तरुण पोरगा, गाडीवर जीव असलेला. कंपनीची ५२ एमएमची थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारा भाग, काढून त्याने ६० ची बसवून घेतली होती. तक्रार एवढीच की चेक इंजिन लाइट जात नाही आणि आयडल, म्हणजे पाय न ठेवता इंजिन फिरण्याचा वेग, वरखाली होतं.

"बाकी गाडी एकदम भारी झालीय दादा, पाय ठेवला की उडते," असं म्हणाला. मग जरा थांबून, "पण वर गेल्यावर अडकल्यासारखी वाटते. म्हणून विचारतोय, ६५ ची मिळेल का?"

स्कॅनर लावला तर कोड पी०५०७, म्हणजे आयडल हवं त्यापेक्षा जास्त. ते समजण्यासारखं होतं. बटरफ्लाय, म्हणजे बॉडीतली फिरणारी चकती, मोठी झाली की बंद असतानाही तिच्या कडेने जास्त हवा जाते, आणि ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, तर जुन्या बॉडीचा हिशोब शिकून ठेवलेला असतो. काम मात्र नीट केलं होतं हं, बॉडीतून सिलिंडरपर्यंत हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डचं तोंडही ६० पर्यंत उघडलेलं, गॅस्केट बरोबर, कुठे पायरी राहिलेली नाही. बऱ्याचदा लोक नुसती बॉडी बदलतात आणि मागे मॅनिफोल्डचं भोक ५२ चंच राहतं, मग हवा शेवटी त्या ५२ मधूनच जाणार ना.

मी त्याला म्हटलं, ६५ चं नंतर बघू, आधी तुझी जुनी बॉडी आण, दोन्ही एकाच दिवशी एकाच डायनोवर मोजू.

आता हिशोब बघा. ५२ ची ६० झाली की भोकाचं क्षेत्रफळ साधारण ३३ टक्के वाढतं. ऐकायला खूप वाटतं, पण इंजिनला हवा लागते किती? दीड लिटरचं फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा भरतं, म्हणजे ६००० आरपीएमला मिनिटाला जास्तीत जास्त ४५०० लिटर, सेकंदाला ७५. एवढी हवा पूर्ण उघड्या ५२ एमएममधून सेकंदाला ३५ मीटरच्या आसपास वेगाने जाते, आणि त्यात दाब पडतो तो एखादा किलोपास्कल. बाहेर १०० असेल तर मॅनिफोल्डमध्ये ९८-९९ मिळायलाच हवं. टर्बो नसलेल्या इंजिनात हवा आत ढकलणारं कोणीच नाही, बाहेरचा दाब हीच कमाल, त्यामुळे भोक कितीही मोठं केलं तरी मिळवायला तेवढा एक-दोन किलोपास्कलच शिल्लक असतो.

पहिले तीन रन ६० वर घेतले. ९३ एचपी. मॅप सेन्सरचा, म्हणजे मॅनिफोल्डमधल्या दाबाचा, आकडा मात्र खटकला, ६००० ला फक्त ९४! म्हणजे बाहेरच्यापेक्षा सहा कमी. पोरगा लगेच म्हणाला, "बघा, अजून मोठी हवी." त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण दाब पडतोय याचा अर्थ हवा कुठेतरी अडतेय, एवढं त्याचं बरोबरच होतं.

५२ ची चढवली, ईसीयूला आयडल परत शिकवलं, इंजिन तेवढंच गरम होऊ दिलं आणि परत तीन रन. ९२.५ एचपी, आणि मॅप परत ९४. भोक पाव भागाने लहान झालं तरी दाब तोच राहिला म्हणजे अडथळा थ्रॉटलमध्ये नाहीच, त्याच्या आधी कुठेतरी आहे. इथे माझे कान टवकारले.

फिल्टर काढून बघितला, स्वच्छ. बॉक्समध्ये पानं नाहीत, चिंधी नाही. मग चौथ्या रनला माझ्यासोबत काम करणाऱ्या पोराला बॉनेटजवळ बाजूला उभं केलं, हात लांब ठेव आणि फक्त बघ म्हटलं. ४५०० च्या पुढे गेलो आणि तो ओरडायलाच लागला. फिल्टर बॉक्सपासून थ्रॉटलपर्यंत येणारा रबरी पाइप आत ओढला जात होता, चक्क चपटा होत होता. रेस सोडली की परत गोल. रस्त्यावर बॉनेट बंद असतं, हे कोणाला दिसणार? इंजिनातली वाफ बाहेर काढणारी ब्रीदरची नळी त्याच पाइपात येते, वर्षानुवर्षं तिच्यातून तेलाची वाफ येऊन रबर लिबलिबीत झालेलं. बोटाने दाबलं तर पोळीसारखं वळत होतं.

नवा पाइप टाकला. ५२ वर ९८ एचपी, मॅप ९९. मग त्याच्या समाधानासाठी ६० परत लावून रन घेतले, ९८.५. अर्धा एचपी तर एकाच सेटअपच्या दोन रनमध्येही मागेपुढे होतो.

पोरगा बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला. "पण दादा, मला फरक जाणवत होता, खोटं नाही सांगत." खोटं नव्हतंच ते. मी त्याला लॉग उघडून दाखवला, थोडासाच पाय, २५०० आरपीएम, ५२ वर मॅनिफोल्डमध्ये ५५ आणि ६० वर ६६. बटरफ्लाय तेवढ्याच अंशात फिरली तरी भोक मोठं असल्याने हवा जास्त जाते, म्हणून गाडी झटकन उचलते. पण तेवढी ताकद ५२ मध्येही होतीच, पाय थोडा जास्त दाबला की मिळणारी. काही गाड्यांचे ईसीयू तर हे ओळखून बटरफ्लाय स्वतःच कमी उघडतात, मग तेवढंही जाणवत नाही. आणि मोठ्या बॉडीने हळू गाडी चालवताना पाय सांभाळणं अवघड जातं हे त्याने स्वतःच कबूल केलं, गर्दीत गाडी हिसके देते म्हणाला.

शेवटी ५२ वर गाडी न्यायचं ठरलं. एक चक्कर मारून आला तेव्हा चेहरा फुललेला, खाली जरा मऊ वाटते पण वर आता श्वास घेते म्हणाला. मग विचारतो, ६० ची विकून टाकू का? मी म्हटलं, तू पुढे हेड पोर्ट करून, म्हणजे त्यातल्या हवेच्या वाटा मोठ्या करून, व्हॉल्व्ह जास्त उघडणारा मोठा कॅम टाकणार आहेस ना, ७५०० पर्यंत फिरवणार आहेस, तेव्हा मॅप बघू, ५२ वर दाब पडायला लागला तर हीच चढवू. तिला तेल लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळून दिली.

जुना पाइप मात्र मी ठेवून घेतला.