टाळ वाजतच राहिले

पंढरीच्या वारीत लोणंद सोडलं तेव्हापासूनच उजवी टाच ठणकत होती. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, वारकऱ्यांच्या रांगांमधून अश्व धावले, पण माणसांच्या भिंतीपुढं मला ते दिसलेच नाहीत. त्यात पुढाऱ्यांच्या फोटोंचे फ्लेक्स आणि कर्ण्यांचा गोंगाट. नाम घेताना मी मनातून चिडलेली होते. रस्ता चौपदरी झालाय, कडेची झाडं गेलीत, आणि त्या तापल्या रस्त्यावर पाय टेकवत नव्हता.

‘‘बस गं पोरी. असं ओढत कुठवर जाशील?’’

आमच्याच दिंडीतल्या मावशी. पासष्टीच्या असतील. डोक्यावरची वळकटी त्यांनी खाली ठेवली, माझा पाय सरळ मांडीवर घेतला. मी संकोचून मागे ओढला तर म्हणाल्या, ‘‘माउलीचा पाय आहे, राहू दे.’’ पिशवीतून सुई काढली, दोरा ओवला, फोडातून आरपार नेला आणि दोरा आतच ठेवून तोडला. पाणी हळूहळू त्यावरून झिरपलं. वर खोबरेल लावलं. हात चालू होते, तसं बोलणंही.

‘‘मी पाच वर्षं सरपंच होते. सोडतीत बाईची जागा निघाली म्हणून उभी केली. पहिली दोन वर्षं खुर्चीत मी आणि बोलायला मालक. मग एक दिवस म्हणलं, आज मी एकटीच जाते. वस्तीवर नळ आला तो त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात.’’

‘‘आणि आता?’’

‘‘आता जागा खुली झाली. मला कोण विचारतंय? पण ग्रामसभेला जाते. चार बायका घेऊन पुढंच बसते.’’

२०११ साली पंचायतींत बायकांना निम्म्या जागा मिळाल्या तेव्हा मी कॉलेजात होते. आता सगळं बदलेल याची मला खात्री होती. मग आमच्या जिल्हा परिषदेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि तीन वर्षं उलटली तरी निवडणूक नाही, तिथं प्रशासकच होता. लोकसभेत, विधानसभेत एक तृतीयांश जागांची घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली, पण ती लागू व्हायची जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर. वाट पाहून पाहून मी मतदानाबद्दल बोलणंच सोडलं होतं. हे मी मावशींना सांगितलं. त्यांनी दोऱ्याचं टोक दाताने तोडलं आणि ‘‘चल, उठ’’ एवढंच म्हणाल्या.

तरडगावला पोचलो. दिंडीतल्या बायका मागे चालतात, आणि टँकरपाशी पोचेपर्यंत पाणी संपलेलं असतं. तीन दिवस हेच. दिंडीच्या विणेकऱ्यांना सांगितलं तर ‘बघू’ म्हणाले. मुक्कामाच्या समाजआरतीला पालखीच्या चोपदारांनी दंड उंचावला, हजारो टाळ एकदम थांबले. ज्या दिंडीची तक्रार असते तिचेच टाळ तेव्हा वाजत राहतात. आमच्या रांगेत मावशींचे थांबले नाहीत. विणेकऱ्यांनी वळून पाहिलं. मग माझ्या शेजारणीने टाळ उचलले, मग मी. हात कापत होते. एवढ्या माणसांच्या शांततेत आमचाच आवाज, आणि तो थांबवू नये एवढंच कळत होतं. शेवटी विणेकऱ्यांनीही मान हलवली आणि पुढचे पुरुष वाजवू लागले.

चोपदार आले. तक्रार विणेकऱ्यांनी मांडायची, तशी त्यांनीच मांडली, पण मध्येच थांबून म्हणाले, ‘‘मावशी, तुम्हीच सांगा.’’

दुसऱ्या दिवशी विसाव्याला बायकांसाठी वेगळा टँकर उभा होता. त्याच्या पुढच्या दिवशी नव्हता. बरडनंतर पुन्हा आला. मी रोज आधी टँकर शोधायची, मग सावली.

फलटण, माळशिरस, वेळापूर, वाखरी. दिवस एकमेकांत मिसळले. टाचेतला दोरा कधी गळून पडला कळलं नाही.

पंढरपुरात नामदेव पायरीसमोर, चोखोबांच्या समाधीपाशी मावशी बराच वेळ थांबल्या. त्यांचे सासरे लहानपणी बापाबरोबर इथवरच यायचे आणि इथूनच माघारी फिरायचे. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी दहा दिवस उपोषण केलं आणि दलितांना मंदिर खुलं झालं. ‘‘तरी सासरे आत गेले ते फार वर्षांनी,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘दार उघडलंय ह्यावर लवकर विश्वास बसत नाही माणसाचा.’’

निघताना त्यांच्या पाया पडले. त्याही माझ्या पडल्या.

‘‘पंधरा ऑगस्टला ग्रामसभा आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमच्याकडंही असेल.’’

असते. मी आजवर एकदाही गेले नव्हते.