कोरा रकाना

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. त्यामुळे माझ्या आयईएलटीएसच्या, म्हणजे परदेशी जाण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेच्या वर्गात नर्सेसचाच भरणा. ब्रिटनमधल्या नोंदणीसाठी त्यांना रीडिंगमध्ये ७ बँड लागतो, म्हणजे ४० पैकी साधारण ३० उत्तरं बरोबर यावी लागतात. तीन उतारे, ६० मिनिटं, आणि उत्तरं उतरवून काढायला वेगळा वेळ नाही.

त्या दिवशी एक सिस्टर नाइट करून थेट वर्गात आल्या. लागोपाठ तीन सराव चाचण्यांत त्यांची गाडी २५ च्या पुढे सरकत नव्हती. इंग्रजी चांगलं, वेगही चांगला. मग अडतंय कुठे? मी तिन्ही पेपर शेजारी शेजारी मांडले. ताज्या पेपरात मधमाश्यांच्या उताऱ्यात दोनच चुका होत्या. मधुमेहींच्या पायाच्या जखमांवरच्या उताऱ्यात नऊ! ज्या जखमांचं ड्रेसिंग त्या रोज करतात, नेमक्या तिथेच.

उतारा वाचून विधान ट्रू, फॉल्स की नॉट गिव्हन ते ठरवायचं, अशा प्रश्नांत एक विधान होतं, 'अभ्यासातले रुग्ण रोज पाय तपासत असत.' त्यांनी ट्रू लिहिलं होतं.

"सर, तपासावेच लागतात. डिस्चार्जच्या वेळी आम्ही प्रत्येकाला बजावतो."

"उताऱ्यात कुठे आहे, दाखवा."

पेन्सिलीचं टोक ओळीओळीवरून फिरलं. पुन्हा एकदा फिरलं. "नाहीये. मग फॉल्स?"

"फॉल्सही नाही. उतारा त्याबद्दल बोलतच नाही. नॉट गिव्हन."

हे मी त्यांना आधीही सांगितलं होतं, सगळ्यांनाच सांगतो. पण या वेळी त्या थांबल्या आणि वहीच्या कोपऱ्यात एक चौकट काढली.

"सर, हा केस पेपरवरचा ॲलर्जीचा रकाना. विधान आहे, पेशंटला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे. रकान्यात तसं लिहिलं असेल तर ट्रू. 'ॲलर्जी नाही' लिहिलं असेल तर फॉल्स. आणि रकाना कोराच असेल तर?"

"तर?"

"तर ॲलर्जी नाही असं धरून मी इंजेक्शन देत नाही. आधी विचारते."

इतक्या वर्षांत मला हे इतकं नेमकं मांडता आलं नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक बॅचला मी फळ्यावर आधी तो रकाना काढतो.

एक भीती मात्र होती. कोरा रकाना शोधायला लोक अख्खा उतारा चाळत बसतात आणि वेळ तिथेच जातो. या प्रकारात विधानं उताऱ्याच्याच क्रमाने येतात. तिसऱ्याची आणि पाचव्याची जागा सापडली की चौथं त्या दोघांच्या मधेच शोधायचं. तिथे नसेल तर नॉट गिव्हन लिहून पुढे जायचं.

मग मी मुद्दाम त्यांच्याच कामातला उतारा दिला, वॉर्डात हात धुण्याबद्दलचा. १३ पैकी ११ बरोबर आले. चुकलेल्या दोनांतल्या एकावरून त्या माझ्याशी स्टँडपर्यंत वाद घालत आल्या, आणि सांगलीची बस लागली तरी त्यांचं बोट त्या ओळीवरच होतं.