दोन बाय दोनची वही : सहावा आठवडा

रोगांच्या अभ्यासातली आकडेमोड शिकतोय. मागच्या नोंदीत 'सेन्सिटिव्हिटी, स्पेसिफिसिटी झाली' असं लिहिलं होतं, ते खोडतो. सेन्सिटिव्हिटी म्हणजे चाचणी आजाऱ्यांपैकी किती जणांना पॉझिटिव्ह ठरवते, स्पेसिफिसिटी म्हणजे निरोग्यांपैकी किती जणांना निगेटिव्ह ठरवते. व्याख्या पाठ होत्या, पण "चाचणी पॉझिटिव्ह आली, तर आजार असण्याची शक्यता किती?" असं कुणी विचारलं की मी सेन्सिटिव्हिटीचाच आकडा सांगत होतो.

म्हणून सॉफ्टवेअर बंद केलं, वहीत चार घरं आखली: आजारी-निरोगी आडवे, पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उभे. १०,००० माणसं, आजार १ टक्क्याला, सेन्सिटिव्हिटी ९० टक्के, स्पेसिफिसिटी ९५ टक्के. आजारी १००, पैकी ९० सापडले. निरोगी ९,९००, पैकी ४९५ उगाच पॉझिटिव्ह. म्हणजे ५८५ पॉझिटिव्हमध्ये खरे आजारी ९०, जेमतेम १५ टक्के! प्रिव्हॅलन्स, म्हणजे लोकांत आजारी असलेल्यांचं प्रमाण, २० टक्के धरला की तीच चाचणी ८२ टक्क्यांवर जाते. हे हाताने मांडेपर्यंत मला पटलं नव्हतं. सेन्सिटिव्हिटीचा छेद म्हणजे सगळे आजारी, प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यूचा (पॉझिटिव्हपैकी खरे आजारी किती, या टक्क्याचा) छेद म्हणजे सगळे पॉझिटिव्ह. आता कुठलाही टक्का दिसला की आधी छेद शोधतो.

त्याच सवयीने ऑड्स रेशो सुटला. ऑड्स म्हणजे 'असलेले' भागिले 'नसलेले', आणि दोन गटांच्या ऑड्सचा भागाकार म्हणजे ऑड्स रेशो. ब्रिटिश संशोधक डॉल आणि हिल यांच्या १९५० च्या लंडनमधल्या केस-कंट्रोल अभ्यासातले (आजार असलेले आणि नसलेले निवडून त्यांच्या आधीच्या सवयींची तुलना) पुरुषांचे आकडे घेतले: फुप्फुसाच्या कर्करोगाचे ६४९ रुग्ण, त्यांत धूम्रपान न करणारे फक्त २, तुलनेचे ६४९ रुग्ण, त्यांत न करणारे २७. इथे मी सरळ रिलेटिव्ह रिस्क (धूम्रपान करणाऱ्यांतला धोका न करणाऱ्यांच्या किती पट) काढायला बसलो आणि अडलो. निम्म्यांना कर्करोग आहे, कारण संशोधकांनीच तेवढे निवडले. त्या छेदाला अर्थच नाही, म्हणून रिस्क काढता येत नाही. ऑड्स रेशोला मात्र या निवडीने फरक पडत नाही: ६४७ गुणिले २७, भागिले २ गुणिले ६२२, उत्तर सुमारे १४. आजार विरळ असला की हा आकडा रिलेटिव्ह रिस्कच्या जवळ जातो. विरळ नसला की फुगतो. १०० पैकी ४० विरुद्ध १०० पैकी २० घेऊन पाहा: रिस्क दुप्पट, ऑड्स रेशो २.६७.



आता त्या १४ चा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा, हाताने काढतोय. त्यासाठी ऑड्स रेशोच्या लॉगची स्टँडर्ड एरर (अंदाजातल्या अनिश्चिततेचं माप) काढायची तर चारही घरांचे व्यस्त मिळवून वर्गमूळ घ्यायचं. त्या बेरजेत एकटं १/२ बाकी तिघांना झाकून टाकतं. इतक्या मोठ्या अभ्यासातली अनिश्चितता जवळजवळ सगळी त्या दोन माणसांच्या घरातून येते.